पॉवरपॉइंटचा मॅक्रो दुसऱ्या फाइलमध्ये सापडत नाही? एकदाच ॲड-इन बनवून ठेवा

"सर, परवाच्या फाइलीत मॅक्रो होता की. आज ही दुसरी फाइल उघडली, ऑल्ट-एफ८ दाबून बघतीय तर यादी रिकामीच!"

अक्कलकोट तालुक्यातल्या एका शाळेतल्या मॅडमचा हा फोन. सोलापुरात विजापूर रोडला माझं टायपिंग आणि प्रेझेंटेशनचं काम चालतं. विद्यापीठाच्या व्हायव्हाला निघालेली मुलं, अक्कलकोट रोड एमआयडीसीतले टॉवेलवाले, प्रशिक्षणाला जाणारे शिक्षक, सगळ्यांच्या फाइली हाताखालून जातात. एकदा कुणाला मॅक्रो करून दिला की महिन्याभरात हा प्रश्न येतोच. म्हणून एकदा नीट, सगळं लिहून ठेवतोय.

मॅडमचं काहीच चुकलेलं नव्हतं. मॅक्रो म्हणजे एकदा लिहून ठेवलेल्या, हवं तेव्हा एका फटक्यात चालणाऱ्या सूचना. तो पॉवरपॉइंटमध्ये राहत नाही, त्या एका फाइलमध्ये राहतो. फाइल बंद झाली की मॅक्रोही तिच्याबरोबर गेला. वर्डमध्ये नॉर्मल टेम्प्लेट असतं, एक्सेलमध्ये पर्सनल मॅक्रो वर्कबुक असतं. तिथं ठेवलेला मॅक्रो कुठल्याही फाइलमध्ये चालतो, म्हणून आपल्याला वाटतं पॉवरपॉइंटमध्येही तसंच असणार. पॉवरपॉइंटला अशी सामायिक जागाच दिलेली नाही. आणि २००७ च्या आवृत्तीपासून मॅक्रो रेकॉर्डरही काढून टाकलाय, त्यामुळे चटकन पुन्हा रेकॉर्ड करून घेऊ म्हणायची सोय नाही. मग लोक दर फाइलमध्ये ऑल्ट-एफ११ दाबून, मॅक्रो लिहायची खिडकी उघडून कोड पेस्ट करत बसतात. वीस फाइली असतील तर मॅक्रोच्या वीस प्रती होतात, आणि एखादी दुरुस्ती निघाली की वीस ठिकाणी करावी लागते.

आधी बघा, मॅक्रो फाइलमध्ये तरी उरलाय का

कितीतरी वेळा मॅक्रो दुसऱ्या फाइलमध्येच काय, मूळ फाइलमध्येही शिल्लक नसतो. फाइलच्या नावाचं शेपूट बघा. पीपीटीएक्स असेल तर तिच्यात मॅक्रो राहूच शकत नाही. मॅक्रो ठेवायचा तर पीपीटीएम प्रकार वापरा. विंडोजमध्ये शेपूट दिसत नसेल तर फोल्डरच्या व्ह्यू मेनूतून फाइल नेम एक्स्टेन्शन्सवर खूण करा.

साध्या प्रकारात सेव्ह करताना पॉवरपॉइंट विचारतो की व्हीबी प्रोजेक्ट (म्हणजे मॅक्रोचा कोड) या फाइलमध्ये ठेवता येणार नाही, पुढे जाऊ का. घाईत आपण 'येस' दाबतो आणि मॅक्रो तिथंच जातो. तिथं 'नो' दाबायचं आणि प्रकार बदलून पीपीटीएम निवडायचा. एवढंच करून ज्यांचं काम भागतं त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

एखाद्याच वेळची गरज असेल तर अजून एक सोपी वाट आहे. मॅक्रोवाली पीपीटीएम फाइल उघडी ठेवा, दुसरी फाइल समोर घ्या, ऑल्ट-एफ८ दाबा आणि खालच्या 'मॅक्रो इन' या खान्यात सगळी उघडी प्रेझेंटेशन्स निवडा. मॅक्रो दिसेल, चालेल आणि समोरच्या फाइलवरच काम करेल, फक्त कोडमध्ये त्यानं 'ॲक्टिव्ह प्रेझेंटेशन', म्हणजे समोर असलेली फाइल, धरलेलं असावं. याचा तोटा एवढाच की ती फाइल रोज आठवणीनं उघडावी लागते.

कायमचा उपाय: ॲड-इन

ॲड-इन म्हणजे पॉवरपॉइंटला कायमची जोडून ठेवलेली मॅक्रोची वेगळी फाइल. आधी पीपीटीएम फाइलमध्ये मॅक्रो नीट चालतोय याची खात्री करा आणि फाइल सेव्ह करा. मग सेव्ह ॲज मध्ये जाऊन प्रकार निवडा पॉवरपॉइंट ॲड-इन. शेपूट होतं पीपीएएम. हा प्रकार निवडला की पॉवरपॉइंट आपोआप तुमच्या युजर खात्यातल्या ॲडइन्स नावाच्या फोल्डरवर जातो. तिथंच सेव्ह होऊ द्या, डेस्कटॉपवर ओढून आणू नका. हा फोल्डर मुळातच पॉवरपॉइंटच्या विश्वासू जागांच्या यादीत असतो, त्यामुळे पुढची निम्मी कटकट वाचते.

मग फाइल, ऑप्शन्स, ॲड-इन्स. खाली 'मॅनेज' च्या खान्यात पॉवरपॉइंट ॲड-इन्स निवडून 'गो' दाबा, 'ॲड न्यू' दाबा, ती फाइल दाखवा. सुरक्षेची सूचना आली तर मॅक्रो चालू करायला परवानगी द्या. यादीत नावासमोर खूण दिसली की झालं. आता पॉवरपॉइंट उघडेल तेव्हा हे ॲड-इन आपोआप लोड होईल, समोर कुठलीही फाइल असो, पीपीटीएक्स असली तरी. म्हणजे ज्या फाइली तुम्ही दुसऱ्याला पाठवणार आहात त्या साध्याच राहतात, त्यांच्यात कोड जात नाही. मला याचं मोल सगळ्यात जास्त वाटतं. मॅक्रोवाली फाइल बघून समोरचा माणूस घाबरतो, आणि ते योग्यच आहे.

"लोड झालं म्हणतंय, पण ऑल्ट-एफ८ च्या यादीत नाही"

इथं बहुतेक जण अडकतात आणि ॲड-इन बिघडलं समजून सगळं पुसून टाकतात. बिघडलेलं काही नसतं. ॲड-इनमधले मॅक्रो त्या यादीत दिसतच नाहीत. ते चालवायला बटण लागतं आणि ते बटण ॲड-इननं स्वतःच तयार करायचं असतं.

साधा मार्ग म्हणजे ऑटो_ओपन नावाचा मॅक्रो. कोडमध्ये हे नाव इंग्रजी अक्षरांतच लिहायचं, मधे अंडरस्कोर. ॲड-इन लोड होताक्षणी पॉवरपॉइंट हा मॅक्रो स्वतःहून चालवतो. त्यात कमांडबार्समध्ये एक नवा टूलबार घ्यायचा, त्यावर बटण ठेवायचं आणि बटणाच्या 'ऑनॲक्शन' ला आपल्या मॅक्रोचं नाव द्यायचं. हे बटण रिबनवरच्या (वरच्या बटणांच्या पट्टीवरच्या) ॲड-इन्स टॅबमध्ये येतं. सुरुवातीलाच त्याच नावाचा जुना टूलबार असेल तर पुसून टाकायची ओळ घाला, आणि ऑटो_क्लोजमध्येही (ॲड-इन बंद होताना चालणाऱ्या मॅक्रोत) तो काढून टाका. नाहीतर एका बटणाची दोन-तीन बटणं होतात आणि कुठलं खरं ते कळत नाही.

एक गोष्ट लक्षात घ्या, ऑटो_ओपन फक्त ॲड-इनमध्येच आपोआप चालतो. पीपीटीएममध्ये तो पडून राहतो. म्हणून तपासताना "चालत नाही" म्हणून डोकं धरू नका. पीपीटीएममध्ये असताना तो ऑल्ट-एफ८ मधून हातानं चालवून बघा.

दुसरा मार्ग रिबनमध्ये स्वतःचा टॅब करण्याचा आहे. त्यासाठी फाइलच्या आत एक छोटी एक्सएमएल जोडावी लागते, रिबन एडिटर नावाची मोफत साधनं ते काम करतात. थोडं जास्त शिकावं लागतं, पण दोन फायदे आहेत. बटणाचं नाव थेट मराठीत लिहिता येतं. आणि त्या बटणावर राइट क्लिक करून ते वरच्या क्विक ॲक्सेस पट्टीवर बसवता येतं. या मार्गात मॅक्रोच्या कंसात रिबन कंट्रोलचा घटक (control As IRibbonControl) लिहावाच लागतो. तो विसरला की बटण दाबल्यावर 'राँग नंबर ऑफ आर्ग्युमेंट्स' अशी चूक येते आणि माणूस कोडमध्ये भलतीकडेच शोधत बसतो.

बटण आहे, दाबल्यावर चूक येते

कोडमध्ये फाइलचं नाव थेट लिहिलेलं असेल तर ते काढा. 'प्रेझेंटेशन्स' पुढे कंसात १ असं असेल तर तेही काढा, कारण पहिली उघडलेली फाइल आणि समोर असलेली फाइल एकच असेल असं नाही. सगळीकडे 'ॲक्टिव्ह प्रेझेंटेशन' वापरा. एक्सेलचा कोड उचलून आणणारे 'धिस वर्कबुक' च्या धर्तीवर 'धिस प्रेझेंटेशन' लिहितात. पॉवरपॉइंटमध्ये अशी वस्तूच नाही.

ईमेलवरून उतरवलेली फाइल उघडली की वर पिवळी पट्टी येते, प्रोटेक्टेड व्ह्यूची. त्या अवस्थेत पॉवरपॉइंटच्या हिशोबानं समोर कुठलंच प्रेझेंटेशन नसतं, म्हणून मॅक्रो चूक दाखवतो. 'एनेबल एडिटिंग' दाबा आणि मग बटण दाबा. आमच्याकडं येणाऱ्या तक्रारींत ही फार वेळा असते, आणि उपाय एका क्लिकचा असतो.

मराठीचं काय?

इथं जरा सावकाश लिहितो, कारण इंग्रजीतून वाचलेल्या मदतीत हे मिळत नाही आणि आपल्या कामात नेमकं इथंच अडतं.

पहिली गोष्ट, मॅक्रो लिहायच्या खिडकीला देवनागरी कळत नाही. तिथं अवतरणात 'सोलापूर' असं पेस्ट केलं की सात प्रश्नचिन्हं दिसतात. स, ओकार, ल, काना, प, ऊकार, र: मोजून सात. सेव्ह केल्यावरही ती प्रश्नचिन्हंच राहतात. मॅक्रोनं विचारलेल्या खान्यात मराठी टाइप केलं तरी तेच, आणि मेसेज बॉक्समध्ये मराठी दाखवायला गेलं तरी तेच. युनिकोडचे, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरवून दिलेले, आकडे वापरून लिहिता येतं. सीएचआरडब्ल्यू या फंक्शनला २३६० दिलं की स मिळतो, २३७९ दिलं की ओकार, २३५४ ला ल, २३६६ ला काना, २३४६ ला प, २३७० ला ऊकार, २३५२ ला र. ते सगळे जोडले की 'सोलापूर' उभं राहतं. एका शब्दाला हे ठीक आहे. शाळेचं पूर्ण नाव, पत्ता, ब्रीदवाक्य असलं तर मी असं करत नाही.

तेव्हा मी ही युक्ती वापरतो. पहिल्या स्लाइडवर एक टेक्स्ट बॉक्स घ्यायचा, त्यात हवा तो मराठी मजकूर नेहमीसारखा टाइप करायचा, तो मजकूर सिलेक्ट करायचा आणि मग बटण दाबायचं. मॅक्रो सिलेक्ट केलेला मजकूर उचलतो आणि सगळ्या स्लाइडच्या फूटरमध्ये बसवतो. मॅक्रोच्या पोटात मजकूर युनिकोडमध्येच फिरतो, अडचण फक्त लिहायच्या खिडकीची आहे. त्यामुळे मजकूर स्लाइडवरून आला तर एकही अक्षर बिघडत नाही. शिवाय शाळा बदलली तर कोडला हात लावावा लागत नाही.

दुसरी गोष्ट फॉन्टची. मॅडमना हवा होता तो मॅक्रो म्हणजे सगळ्या स्लाइडचा फॉन्ट एकसारखा करणारा. तीन-चार सहकाऱ्यांच्या स्लाइड एकत्र केल्या की एकीत मंगल, एकीत कोकिळा, एकीत निर्मला असं होतं. आधीचा मॅक्रो नुसता फॉन्टचं 'नेम' बदलत होता. इंग्रजी शब्द बदलत होते, मराठी जागच्या जागी. कारण देवनागरीसाठी पॉवरपॉइंट वेगळा खाना ठेवतो, नेम-कॉम्प्लेक्स-स्क्रिप्ट. कोडमध्ये हे तिन्ही शब्द जोडून लिहायचे. ती एक ओळ घातली आणि मराठी मजकूर बदलला.

पण त्या फाइलमध्ये कन्नड ओळीही होत्या. अक्कलकोटकडच्या शाळांत हे नेहमीचं, आणि सोलापुरात तेलुगूही तितकंच सहज येतं. कन्नड आणि तेलुगू याच खान्यातून फॉन्ट घेतात. मी मंगल दिला होता. मंगलमध्ये कन्नड अक्षरं नाहीत, म्हणून विंडोजनं त्या ओळींना आपल्या मनानं दुसरा फॉन्ट लावला. ओळी वाचता येत होत्या, पण अक्षरांची जाडी वेगळी, ओळींमधलं अंतर वेगळं, आणि एका स्लाइडवर शेवटची ओळ चौकटीच्या खाली उतरलेली. मंगलच्या जागी निर्मला यूआय घातल्यावर मराठी, कन्नड, तेलुगू तिन्ही एका ठशात आल्या. हा फॉन्ट विंडोज ८ पासून सोबतच येतो, त्यामुळे शाळेच्या संगणकावरही तो सापडतो. उर्दू मात्र त्यात नाही. उर्दू स्लाइड असतील तर त्या मॅक्रोतून वगळा.

आणि एक धोक्याची सूचना. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या स्लाइड असतात, शिवाजी वगैरे. जुन्या छापखान्यातून आलेल्या मजकुरात हे हमखास. पडद्यावर मराठी दिसतं, पण आतली अक्षरं इंग्रजीच असतात. तिथं फॉन्ट बदलला की सगळ्या मजकुराची विचित्र इंग्रजी अक्षरं होतात. मॅक्रोमध्ये आधी फॉन्टचं नाव तपासा आणि असा फॉन्ट दिसला तर तो मजकूर सोडून पुढे जा. आणि असा मॅक्रो चालवण्याआधी फाइलची एक प्रत बाजूला काढून ठेवा, कामाची घाई कितीही असली तरी.

ग्रुप केलेल्या आकृत्या आणि टेबलं यांच्या आत मॅक्रो आपोआप शिरत नाही. ग्रुपमधली एकेक वस्तू आणि टेबलातला एकेक खाना यांच्यासाठी वेगळी फेरी लिहावी लागते. टॉवेलच्या साइज आणि वजनाचं टेबल असलेली स्लाइड "तेवढी सोडून सगळं बदललं" अशी परत आली, तर कारण हे.

काल होतं, आज नाही

ॲड-इन पेनड्राइव्हवरून लोड केलं असेल तर पेनड्राइव्ह काढल्यावर ते जाणारच. पॉवरपॉइंट फक्त फाइलचा पत्ता लक्षात ठेवतो, फाइल स्वतःकडे घेत नाही. ॲडइन्स फोल्डरमध्ये कॉपी करा आणि तिथूनच पुन्हा जोडा.

संगणकावर दुसऱ्या नावानं लॉगिन केलं असेल तरी दिसणार नाही. जोडणी त्या त्या विंडोज खात्यापुरती असते. शाळेच्या लॅबमध्ये प्रत्येक खात्यात एकदा जोडावं लागतं.

दुपारी लाइट जाते, यूपीएस नसतो, पॉवरपॉइंट उघडत असतानाच संगणक बंद पडतो. पुढच्या वेळी तो विचारतो, सेफ मोडमध्ये उघडू का. 'येस' म्हटलं की त्या वेळेपुरतं कुठलंच ॲड-इन लोड होत नाही. पूर्ण बंद करून साधं उघडा. तरी आलं नाही तर फाइल, ऑप्शन्स, ॲड-इन्समध्ये जाऊन 'मॅनेज' च्या खान्यात डिसेबल्ड आयटम्स निवडा. तिथं तुमचं ॲड-इन अडकलेलं असेल तर ते सिलेक्ट करून 'एनेबल' करा.

व्हॉट्सॲपवरून किंवा ईमेलवरून पाठवलेलं पीपीएएम समोरच्याकडे चालत नाही, हीही नेहमीची तक्रार. इंटरनेटवरून आलेल्या फाइलला विंडोज तशी खूण लावतं आणि २०२२ पासून ऑफिस अशा फाइलमधले मॅक्रो सरळ अडवतं. फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, खाली 'अनब्लॉक' वर खूण, मग ॲडइन्स फोल्डरमध्ये कॉपी. पण हे फक्त ओळखीच्या माणसाकडून, त्याला फोन करून विचारून मगच. "मॅक्रो चालत नाही" म्हणून ट्रस्ट सेंटरमध्ये जाऊन सगळेच मॅक्रो कायमचे मोकळे करून ठेवणारे मी पाहिलेत. ते करू नका. त्याच संगणकावर शाळेचा पगार आणि मुलांची माहिती असते.

मूळ पीपीटीएम जपा

पीपीएएम एकदा बनलं की ऑल्ट-एफ११ च्या खिडकीत त्याचा कोड दिसत नाही. दुरुस्ती करायची तर मूळ पीपीटीएम लागते. ती पुसली असेल तर हातात चालणारं बटण असतं आणि ते बदलायचा साधा मार्ग नसतो. दुरुस्तीचा क्रम असा ठेवा: आधी यादीत ॲड-इनची खूण काढा, नाहीतर वापरात असलेल्या फाइलवर लिहिता येत नाही. पीपीटीएम उघडून बदल करा, तपासा, सेव्ह करा, मग त्याच नावानं पीपीएएम पुन्हा करा आणि खूण परत लावा. नावात तारीख घालायची सवय मूळ फाइलला लावा, पीपीएएमला नको. त्याचं नाव बदललं की पॉवरपॉइंटला जुना पत्ता सापडत नाही.

मोबाइलवरच्या किंवा ब्राउझरमधल्या पॉवरपॉइंटमध्ये यातलं काहीच चालत नाही, त्याला संगणकच लागतो. ज्या शाळेत लिब्रेऑफिस आहे तिथं गोष्ट वेगळी. त्यात 'माय मॅक्रोज' नावाची सामायिक जागा मुळातच आहे, तिथं ठेवलेला मॅक्रो इम्प्रेसच्या कुठल्याही फाइलमध्ये मिळतो. पण पॉवरपॉइंटचा कोड तिथं जसाच्या तसा चालेल असं धरू नका.

मॅडम शनिवारी लॅपटॉप घेऊन आल्या. ॲड-इन जोडलं, लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला आणि त्यांच्याच तीन फाइली एकामागून एक उघडल्या. तिन्हीत बटण होतं. चौथी फाइल त्यांनी स्वतः उघडली, स्वतः बटण दाबलं, कन्नडची स्लाइड मोठी करून शेवटची ओळ चौकटीत आहे का ते बघितलं. मूळ पीपीटीएम त्यांच्या ईमेलवर पाठवली आणि विषयात लिहिलं: पुसू नये.